खोल भाजल्यावर पेशींची फवारणी: तयारी, पद्धत आणि नंतरचं वर्ष

कातडी पुन्हा उगवायला लागणाऱ्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, कुठल्या परदेशी बाटलीतून येत नाहीत. त्या पेशंटच्याच अंगावर असतात: कातडीच्या वरच्या थराच्या अगदी तळच्या ओळीत आणि केसांच्या मुळांभोवती. कढईतलं तेल उडून हाताला फोड आला आणि दहा-बारा दिवसांत वण न राहता बरा झाला, की ते काम यांचंच. केसाच्या मुळातून त्या वर येतात, पसरतात आणि जखम झाकतात. भाजणं खोल गेलं की ही मुळंच जळून जातात, आणि मग जखम फक्त कडेकडून भरायला लागते. तळहाताएवढी जखम कडेकडून भरता भरता आठवडे जातात, आणि तोवर खाली जाड, आखडलेला वण तयार होतो. म्हणून अंगावरच्या शाबूत जागेतल्या मूळपेशी काढून जखमेवर पेरायच्या. भाजण्यातली 'स्टेम सेल'ची भाषा मुळात एवढीच आहे.

हे लिहिलंय ते इंदूरमध्ये ज्यांच्या घरचं माणूस बर्न वॉर्डात आहे त्यांच्यासाठी, आणि ड्रेसिंग करणाऱ्या नव्या हातांसाठी. एक गोष्ट सुरुवातीलाच: पेशी क्वचितच फसतात. फसते ती जमीन, म्हणजे ज्या जागेवर त्या पेरल्या ती जागा.

पहिल्या तासात पेशी वाचवा

भाजलेल्या भागावर २० मिनिटं वाहतं, साधं गार पाणी. तीन तासांच्या आत कधीही सुरू केलं तरी उपयोग होतो. इथं इंदूरची एक अडचण लक्षात ठेवायला हवी: मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी स्वतःच चटका देतं. नळ सोडून आधी हात लावून पाहा. नाहीतर खालच्या हौदात साठवलेलं नर्मदेचं पाणी बादलीत काढून तांब्याने सोडत राहा. बर्फ नको, त्याने रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि शाबूत पेशीही मरतात. लहान मूल असेल किंवा बरंच अंग भाजलं असेल, तर भाजलेला भाग गार करा पण बाकीचं अंग चादरीत गुंडाळा; अंग थंडगार पडणं हा वेगळाच धोका आहे. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप यांतलं काहीही लावू नका. हळदीचा रंग बसला की सर्जनला खालची कातडी गुलाबी आहे की पांढरी, हे कळत नाही, आणि पुढचा सगळा निर्णय त्या रंगावर असतो.

भाजल्याची वेळ कागदावर लिहून न्या. सलाइनचा हिशेब दवाखान्यात पोचल्यापासून नव्हे, भाजल्यापासून लागतो. जुना आणि अजून वापरातला हिशेब असा: ४ मिलि × वजन × भाजल्याचे टक्के. ६० किलोचा माणूस ३० टक्के भाजला, तर २४ तासांत ७,२०० मिलि रिंगर लॅक्टेट, त्यातलं निम्मं पहिल्या ८ तासांत. आता बऱ्याच ठिकाणी २ मिलिपासून सुरुवात करून लघवीवर लक्ष ठेवत वाढवतात. मोठ्या माणसाला तासाला किलोमागे साधारण अर्धा मिलि लघवी व्हायला हवी. टक्के मोजायला पेशंटचा स्वतःचा पंजा बोटांसकट धरायचा, तो साधारण एक टक्का. नुसती लालसर झालेली, फोड न आलेली जागा त्यात धरत नाहीत.

याचा मूळपेशींशी थेट संबंध आहे. भाजलेल्या जागेच्या मधोमध मेलेला भाग असतो आणि त्याच्याभोवती अर्धवट जिवंत पट्टा. त्या पट्ट्याला पहिल्या ४८ तासांत रक्त मिळालं तर तिथल्या पेशी तगतात, नाही मिळालं तर जखम खोल होते. सोमवारी 'वरवरचं आहे' म्हणून सांगितलेलं बुधवारी खोल निघतं, ते नेहमी डॉक्टरांचं चुकल्यामुळे नसतं.

खोलीची ओळख ढोबळ सांगता येते. गुलाबी, ओलसर, हात लावला की कळवळणारी जागा आपोआप भरेल. लाल-पांढरे ठिपके, दाबल्यावर रंग सावकाश परतणारी जागा संशयाची. पांढरी, तपकिरी, चामड्यासारखी कडक आणि न दुखणारी जागा पूर्ण जळालेली. 'दुखत नाही म्हणजे फार नाही' हा समज उलटा आहे. तिथल्या नसाही जळाल्यात. तीन आठवड्यांत भरणार नाही असं दिसलं, की शस्त्रक्रिया.

कातडीचं गणित

साधारण बांध्याच्या माणसाची एक टक्का कातडी म्हणजे १६० चौरस सेंटिमीटर धरू. २० टक्के खोल भाजणं म्हणजे ३,२०० चौ.सें.मी. मांडीवरून काढलेली पातळ कातडी मेशर यंत्रातून काढून जाळीदार केली की ती ताणता येते. १:१.५ जाळीला (दीडपट ताणलेल्या) सुमारे २,१०० चौ.सें.मी. शाबूत कातडी लागेल, १:४ जाळीला (चौपट ताणलेल्या) ८००. जाळी जितकी मोठी तितकी काढायची जागा कमी, पण भोकंही मोठी, आणि भोकं भरायला वेळ लागला की वणावर कायमची जाळीची नक्षी उमटते.

पेशींची फवारणी इथं कामाला येते. ऑस्ट्रेलियात पर्थच्या फियोना वूड आणि मेरी स्टोनर यांनी ही पद्धत रुळवली. तिच्या तयार संचाला अमेरिकेत सप्टेंबर २०१८ मध्ये मान्यता मिळाली. त्यात १ चौ.सें.मी. कातडीतून ८० चौ.सें.मी.पर्यंत जागा झाकता येते. म्हणजे वरच्या उदाहरणात ८०० चौ.सें.मी. ची मोठी जाळी आणि भोकांत पेरायला वेगळी ४० चौ.सें.मी. कातडी, साधारण पत्त्याच्या कॅटमधल्या पानापेक्षा थोडी लहान. जाळी सोडून नुसती फवारणी पूर्ण जळालेल्या जागेवर चालत नाही. खाली मधला थर, डर्मिस, थोडातरी शिल्लक हवा, नाहीतर वर जाळी हवी. कोणी 'स्प्रे मारला की झालं' म्हणत असेल, तर त्याला हे विचारा.

दुसरा रस्ता प्रयोगशाळेत कातडी वाढवण्याचा. १९७५ साली हॉवर्ड ग्रीन आणि जेम्स राइनवाल्ड यांनी किरणांनी वाढ थांबवलेल्या उंदराच्या पेशींचा थर खाली अंथरून त्यावर माणसाच्या कातडीच्या पेशी वाढवून दाखवल्या. १९८३ साली बॉस्टनमध्ये ९५ टक्क्यांहून जास्त भाजलेल्या दोन लहान भावांना अशाच वाढवलेल्या कातडीच्या चादरींनी झाकलं, आणि ती मुलं वाचली. तिकिटाएवढ्या तुकड्यातून सबंध अंग झाकेल एवढी कातडी होते, पण तीन-चार आठवडे लागतात, आणि चादर इनमिन दोन ते आठ पेशी जाड असते. ती महिनोन्महिने नाजूक राहते, जरा घासली की फोड येतात, कारण तिला खालच्या थरात रुतवणारे धागे हळूहळू तयार होतात. शाबूत कातडीच उरलेली नाही, अशा पेशंटसाठी हा रस्ता आहे; २० टक्क्यांसाठी नाही.

या चादरी खाली डर्मिस असला की जास्त चांगल्या धरतात. १९८६ मध्ये चार्ल्स क्युओनो यांनी दान मिळालेली कातडी आधी लावून, तिचा वरचा थर खरवडून, खालच्या थरावर वाढवलेली चादर लावायची युक्ती मांडली. दान मिळालेल्या कातडीचा जास्त वापर मात्र तात्पुरत्या छपरासारखाच होतो: ती पाणी आणि जंतू अडवते, काही आठवड्यांत गळते, आणि तेवढ्यात पेशंटची मांडी दुसऱ्यांदा काढण्याजोगी भरते. इंदूरला चोइथराम रुग्णालयात त्वचापेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांडी-पाठीवरचा पातळ पापुद्रा घेतात, रक्तगट जुळावा लागत नाही, देह विद्रूप होत नाही. ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये थंड ठेवली की ही कातडी पाच वर्षांपर्यंत वापरता येते.

तिसरा प्रकार चरबीतून, अस्थिमज्जेतून किंवा नाळेतून काढलेल्या मेसेन्कायमल पेशींचा. या पेशी स्वतः कातडी होत नाहीत. त्या सूज कमी करणारी, रक्तवाहिन्या वाढवणारी द्रव्यं सोडतात. संशोधन जोरात आहे, पण भाजलेल्या जखमेचा नेहमीचा उपचार म्हणून त्या अजून उभ्या नाहीत.

पैसे देण्याआधी

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं मूळपेशी-रोपण सोडून बाकी सगळं क्लिनिकल ट्रायलमध्येच करायचं आहे. २०१९ च्या औषध नियमांत मूळपेशींपासून बनवलेलं उत्पादन 'नवीन औषध' धरलं आहे. म्हणून कोणी वाढवलेल्या पेशी किंवा नाळेच्या पेशींचं इंजेक्शन सुचवलं, तर सीटीआरआय (भारतातल्या क्लिनिकल ट्रायलची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा, तो संकेतस्थळावर टाकून पाहा, एथिक्स कमिटीची मंजुरी आणि मराठी किंवा हिंदीतलं संमतिपत्र मागा. ट्रायलमधल्या प्रयोगाच्या औषधाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. शिरेतून सलाइनसारख्या 'स्टेम सेल' चढवून भाजलेली कातडी उगवत नाही. पीआरपी (रक्तातून वेगळा काढलेला, प्लेटलेटनी भरलेला द्रव) म्हणजे स्टेम सेल नव्हे. प्लेटलेटला केंद्रकच नसतं, ती कशाचंच मूळ होऊ शकत नाही. आणि बाळाच्या नाळेच्या रक्ताचा डबा कुठे साठवून ठेवला असेल, तर त्याचाही इथे उपयोग नाही.

भाजण्याचे उपचार आयुष्मान योजनेत टक्क्यांनुसार बसतात. कार्ड पहिल्याच दिवशी काउंटरवर द्या, मागाहून जोडणं कटकटीचं असतं.

टेबलावर काय होतं

साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात मेलेली कातडी काढतात. स्लोव्हेनियातल्या झोरा यानझेकोविच यांनी १९७० मध्ये मांडलेली पद्धत हीच: रुंद सुरीने पातळ-पातळ काप काढत जायचे, जिथं टिपक्याटिपक्याने ताजं रक्त उमटतं तिथं थांबायचं. अलीकडे थांबलं तर खाली मेलेला थर राहतो आणि वरचं सगळं त्याच्यासोबत सुटून येतं. पलीकडे गेलं तर वाचण्याजोगा डर्मिस वाया जातो. यात रक्त बरंच जातं. रक्तदाते आदल्या दिवशीच तयार ठेवा, ऑपरेशनच्या सकाळी धावपळ नको.

दुसऱ्या टेबलावर तोवर पेशी निघत असतात. शाबूत जागेवरून डर्मॅटोमने (कातडीचा पातळ पापुद्रा काढायचं यंत्र) ०.१५ ते ०.२ मिलिमीटर जाडीचा पापुद्रा घेतात. जाड घेतला तर पेशी सुट्या करणारं एन्झाइम आत पोचत नाही, आणि काढलेली जागाही उशिरा भरते. पापुद्रा ३७ अंशांवर ट्रिप्सिनमध्ये (हेच ते एन्झाइम) १५ ते २० मिनिटं. मग कडेला सुरीच्या पात्याने हलकेच खरवडून पाहायचं. वरचा थर तापवलेल्या दुधावरच्या सायीसारखा घडी पडून सरकला, की तयार. चिकटून बसला असेल तर पुन्हा पाच-दहा मिनिटं बुडवायचा. ओढून काढला तर पेशी फाटतात. जास्त वेळ ठेवला तरी नुकसान, कारण ट्रिप्सिन आधी पेशींमधले दुवे तोडतं आणि मग पेशींनाच खातं.

तयार झाला की तो धुऊन, केसाळ बाजू वर आणि डर्मिस खाली ठेवून, थोड्या बफरमध्ये (पेशींना सोसणारा द्रव) खरवडतात. पाणी गढूळ, दुधट दिसायला लागतं. तेवढं गढूळ झालं नाही तर पुढं जाऊ नये. पारदर्शक पाणी फवारलं तर पाणीच फवारलं. मग १०० मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून सिरिंजमध्ये. प्रमाण: १ चौ.सें.मी. कातडीला साधारण १ मिलि, म्हणजे आपल्या उदाहरणात ४० मिलि. या द्रवात नव्या कातडीच्या मूळपेशींसोबत रंग देणाऱ्या मेलॅनोसाइटही असतात. भारतात कोडावरच्या शस्त्रक्रियेत अशीच न वाढवलेली पेशीद्रव-पद्धत बऱ्याच वर्षांपासून वापरतात ती याच कारणाने. गव्हाळ-सावळ्या कातडीवर पांढरा डाग राहणार की नाही, हा आपल्याकडे लहान प्रश्न नाही.

फवारताना नोझल साधारण १० सें.मी.वर, आणि सुरुवात जखमेच्या उंच बाजूने, म्हणजे ओघळ खालच्या भागाला मिळतो. रक्त वाहत असेल तर आधी ते थांबवायचं. रक्ताच्या गुठळीवर पेशी बसत नाहीत. वर बारीक छिद्रांचं, न चिकटणारं ड्रेसिंग, त्यावर जाड गॉज, आणि सांध्यावर असेल तर स्प्लिंट, म्हणजे सांधा एका स्थितीत धरणारा आधार.

पहिला आठवडा: हात आवरा

आतलं ड्रेसिंग ६ ते ८ दिवस हलवायचं नाही. घरच्यांचा सगळ्यात मोठा दबाव इथंच येतो: वास येतोय, ओलं झालंय, उघडून बघा. बाहेरचं गॉज भिजलं तर तेवढंच बदलतात. आतला थर ओढला तर पेशी त्याच्यासोबत येतात. आतलं उघडण्याची कारणं वेगळी: वाढत जाणारा ताप, कडेला पसरणारा लालसरपणा, हिरवट पू, एकाएकी वाढलेलं दुखणं.

सिल्व्हर सल्फाडायझीनचं पांढरं मलम, बीटाडीन, क्लोरहेक्झिडीन ही जखमेच्या सुरुवातीच्या दिवसांत कामाची औषधं आहेत; फवारणी झाल्यावर ताज्या पेशींवर ती विषारी ठरतात. पाळी बदलली की रात्रीची नवी सिस्टर सवयीने मलम लावते, असं होऊ शकतं. केस पेपरवर आणि पलंगाच्या डोक्याशी ठळक अक्षरांत 'पेशी-ग्राफ्ट: चांदी/बीटाडीन नको' असं लिहून घ्या.

ड्रेसिंग निघाल्यावर जे दिसतं ते पाहून लोक घाबरतात. जाळीच्या चौकोनांमध्ये ओला, चकचकीत, फिकट गुलाबी पापुद्रा, कुठे कुठे पिवळसर बुळबुळीत साय. ती साय पू नसते, फायब्रिन असतं, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन. कापसाने घासून काढायचं नाही. चकचक मावळून जागा कोरडी, मंद दिसू लागली की पेशींनी धरलं असं समजायचं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातही कच्चं लाल मांस दिसत असेल, तर तेवढ्यावर पुन्हा जाळी लावावी लागते.

ताटात काय

जखम भरायला प्रथिनं लागतात, आणि आपल्याकडे नेमकी तीच बंद होतात: डाळीने पू होतो, अंड्याने उष्णता होते, दुधाने... दर घरात वेगळी यादी. पू जंतूंनी होतो, वरणाने नाही. किलोमागे दिवसाला १.५ ते २ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोला ९० ते १२०. एका अंड्यात ६ ग्रॅम, एक ग्लास दुधात ७-८, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८. सकाळचे पोहे चालतील, पण नुसत्या पोह्यांनी हा आकडा गाठत नाही. सोबत अंडी किंवा मोड आलेली मटकी हवी. एकादशीची साबुदाण्याची खिचडी पोट भरते, कातडी भरत नाही. पेशंटच्या नावचा उपास आजींनी करावा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे आकडे डॉक्टरांकडून बदलून घ्या. तंबाखू आणि सिगारेट पूर्ण बंद, कारण त्या नेमक्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात.

नंतरचं वर्ष

पेशंटला आरामाची वाटते तीच स्थिती आखडण्याची असते. मान भाजली असेल तर उशी काढा. काख भाजली असेल तर हात अंगापासून ९० अंशांवर. कोपर, गुडघा सरळ. हाताचा पंजा भाजला असेल तर मनगट थोडं मागे, बोटांची मुळं वाकलेली आणि बोटं सरळ. स्प्लिंट तसाच बनवतात. कातडी धरल्यावर लगेच फिजिओथेरपी, रडवून का होईना. पेशी कितीही चांगल्या धरल्या तरी पंधरा दिवस हात जवळ धरून झोपलेल्या पेशंटची काख आखडतेच.

दाबाचे कपडे, म्हणजे प्रेशर गारमेंट, दिवसातून २३ तास, सहा महिने ते दीड वर्ष. इंदूरच्या एप्रिल-मेमध्ये हे अवघड आहे, म्हणून दोन जोड शिवून घ्या: एक अंगावर, एक धुतलेला. ढिला झाला की निरुपयोगी. दर दोन-तीन महिन्यांनी माप पुन्हा.

नव्या कातडीत घामाच्या ग्रंथी आणि केस येत नाहीत, ना फवारणीने, ना वाढवलेल्या चादरीने. मोठा भाग भाजलेल्या माणसाचं अंग घामाने थंड होत नाही, आणि लू लागायला त्याला बाकीच्यांपेक्षा कमी वेळ लागतो. दुपारी ११ ते ४ बाहेर नको. जावंच लागलं तर ओला पंचा बरोबर. तेलग्रंथीही नसल्याने कातडी तडकते. साबण सौम्य, दिवसातून तीन-चार वेळा खोबरेल किंवा बिनवासाचं मलम, हलक्या हाताने, कारण जोरात चोळलं की फोड येतो. पहिलं वर्षभर उन्हात झाकून ठेवा, नाहीतर रंग काळपट होतो आणि तसाच बसतो. खाज रात्री वाढते. नखं कापा आणि औषध मागा, खाज सहन करायची गोष्ट नाही.

फोड आला तर फोडू नका, स्वच्छ पट्टी ठेवा. एकाच जागी वारंवार जखम होत असेल, किंवा कित्येक वर्षांनी जुन्या वणावर न भरणारं, कडा उचललेलं व्रण दिसलं, तर त्यावर मलमं बदलत बसू नका. तुकडा काढून तपासून घ्या; जुन्या भाजल्या वणात कर्करोग होऊ शकतो.